भित्र्या मनाचा धीट संत : संत थॉमस मोर



२२ जून रोजी ख्रिस्तसभा संत जॉन फिशर आणि संत थॉमस मोर ह्या दोन रक्तसाक्ष्यांचा सण साजरा करते. रक्तसाक्षी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सिंहापुढे न डगमगणारा, तलवार पाहून हसणारा वीर उभा राहतो. अशा संतांपुढे आपण मेणबत्ती लावतो, पण मनात म्हणतो, हे आपले काम नव्हे. डॉक्टरांनी सुई काढली की डोळे मिटणारी आपण माणसे!

थॉमस मोर हे मात्र आपल्यातलेच वाटावेत असे संत आहेत. ते धर्मगुरू नव्हते, संन्यासी नव्हते. बायको, मुले, सून, जावई, नातवंडे असलेले ते कुटुंबवत्सल गृहस्थ होते. पेशाने वकील होते. आणि स्वभावाने भित्रे होते. हे आपण म्हणत नाही, त्यांनी स्वतःच तुरुंगातून आपल्या मुलीला कळवले होते. साध्या टिचकीलाही घाबरणारा आपला पिंड आहे, असे त्यांनी तिला प्रामाणिकपणे लिहिले. अशा माणसाने एका बलाढ्य राजापुढे मान तुकवली नाही. हे धैर्य त्यांच्यात कुठून आले, ते आज पाहू या.

मठ की संसार?

थॉमस ह्यांचा जन्म १४७८ च्या सुमारास लंडन शहरात झाला. वडील जॉन मोर वकील होते व पुढे न्यायाधीश झाले. बालपणी थॉमस ह्यांना कँटरबरीचे आर्चबिशप जॉन मॉर्टन ह्यांच्या वाड्यात सेवेला ठेवण्यात आले. मुलाची हुशारी पाहून आर्चबिशपांनी त्यांना ऑक्सफर्ड विद्यापीठात पाठवले. तिथे दोन वर्षे शिकल्यावर वडिलांच्या इच्छेप्रमाणे ते लंडनला परतले व कायद्याच्या अभ्यासाला लागले.

पण मन मठाकडे ओढ घेत होते. लंडनमधील कार्थुसियन संन्याशांच्या सहवासात त्यांनी सुमारे चार वर्षे प्रार्थना व उपवास केले. आपल्याला देव कुठे बोलावत आहे, ह्याचा त्यांनी शांतपणे शोध घेतला. शेवटी आपले पाचारण वैवाहिक जीवनाचे आहे हे ओळखून १५०५ च्या सुमारास त्यांनी जेन कोल्ट हिच्याशी विवाह केला. मठ सोडला, पण मठाची शिस्त सोडली नाही. अंगावर केसाळ, टोचणारे वस्त्र ते आतून गुपचूप घालत. पुढे मोठमोठी पदे मिळाली, वर रेशमी झगा आला, तरी आतले वस्त्र तेच राहिले.

जेनपासून त्यांना मार्गारेट, एलिझाबेथ, सिसिली व जॉन ही चार मुले झाली. १५११ साली जेन वारली. मुले लहान होती. थॉमस ह्यांनी लवकरच ॲलिस नावाच्या विधवेशी दुसरा विवाह केला. ॲलिसबाई तोंडाने फटकळ, पण घर सांभाळण्यात पक्क्या होत्या. त्यांनी सावत्र मुलांना आईची माया दिली.

मुलींना शिकवण्याची त्या काळी रीत नव्हती. थॉमस ह्यांनी मात्र आपल्या मुलींना मुलाच्या बरोबरीने लॅटिन व ग्रीक शिकवले. थोरली मार्गारेट इतकी विद्वान निघाली की युरोपातील नामवंत पंडित तिचे कौतुक करीत. बाप-लेकीचे विशेष गूळपीठ होते. पुढे बापाची सर्वांत मोठी परीक्षा ह्याच लेकीच्या प्रेमाने पाहिली.

राजाची मर्जी

थॉमस ह्यांची कीर्ती वाढत गेली. १५१६ साली त्यांचे 'युटोपिया' हे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध झाले व सर्व युरोपात गाजले. १५१८ साली ते आठव्या हेन्री राजाच्या सल्लागार मंडळात आले, १५२१ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला, १५२३ साली ते लोकसभागृहाचे सभापती झाले आणि ऑक्टोबर १५२९ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजाच्या खालोखालचे सर्वांत मोठे अधिकारी झाले.

पद मोठे झाले तरी माणूस तोच राहिला. लंडनजवळ चेल्सी येथे थेम्स नदीच्या काठी त्यांचे घर होते. घरात सर्वजण नोकरचाकरांसह एकत्र प्रार्थना करीत. गावातील म्हाताऱ्या व गरीब माणसांसाठी त्यांनी एक घर चालवले होते. रविवारी ते धर्मग्रामाच्या चर्चमध्ये साधा पांढरा झगा घालून गायकवृंदात गात. एकदा नॉर्फोकचे ड्यूक जेवायला आले असता त्यांनी हे दृश्य पाहिले. राज्याचा चॅन्सेलर चर्चच्या नोकरासारखा गातो, ह्याने राजाचा अपमान होतो, असे त्यांनी सुनावले. देवाची सेवा केल्याने राजाचा अपमान होत नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन थॉमस हसले. वडील न्यायाधीश म्हणून वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयात बसत. तिथे जाताना वाटेत वडील दिसले तर चॅन्सेलर साहेब सर्वांसमक्ष गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद घेत.

१५२९ साली त्यांची धान्याची कोठारे जळाली व शेजाऱ्यांचेही नुकसान झाले. थॉमस राजाबरोबर बाहेरगावी होते. त्यांनी ॲलिसबाईंना पत्र पाठवले. घरच्या सर्वांना घेऊन चर्चमध्ये जा, देवाने दिले होते, त्यानेच नेले, त्याचे आभार माना. आणि आपल्या घरात चमचा उरला नाही तरी चालेल, पण आपल्यामुळे शेजाऱ्यांचे जे गेले ते भरून द्या, असे त्यांनी कळवले.

संत असले तरी थॉमस आपल्या काळाचेच होते, हेही सांगायला हवे. त्या काळी पाखंडी मताला देहदंड असे. त्यांच्या चॅन्सेलरपदाच्या काळात सहा जणांना जाळण्यात आले आणि अशा खटल्यांत ते स्वतः कठोर होते. आज ख्रिस्तसभा धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कार करते व त्या मार्गाचे समर्थन करीत नाही. संतांनाही देवाची दया लागते, हे आपण विसरू नये.

राजाचा हट्ट

हेन्री राजाचा विवाह १५०९ साली स्पेनच्या राजकन्या कॅथरीन हिच्याशी झाला होता. त्यांची मेरी ही एकच मुलगी जगली. राजाला गादीसाठी मुलगा हवा होता, आणि ॲन बोलिन ह्या दरबारातील तरुणीवर त्याचे मन जडले होते. कॅथरीनशी झालेला विवाह मुळातच रद्द ठरवावा, अशी त्याने पोप सातवे क्लेमेंट ह्यांच्याकडे मागणी केली. ती मान्य होत नाही असे दिसताच त्याने इंग्लंडमधील ख्रिस्तसभाच आपल्या ताब्यात घ्यायचे ठरवले. हाच राजा १५२१ साली संस्कारांच्या बाजूने पुस्तक लिहून पोपकडून धर्मरक्षक ही पदवी मिळवून बसला होता!

१५ मे १५३२ रोजी इंग्लंडच्या धर्मगुरूवर्गाने राजापुढे शरणागती पत्करली. दुसऱ्याच दिवशी थॉमस ह्यांनी राजीनामा दिला. कारण त्यांनी प्रकृतीचे सांगितले. राजाविरुद्ध एक अक्षरही काढले नाही. उत्पन्न एकदम आटले. त्यांनी घरच्यांना जवळ बसवून हिशेब मांडला. आता ताटातले पदार्थ हळूहळू कमी करू. अगदीच काही उरले नाही तर सर्वजण मिळून झोळी घेऊ आणि दारोदार पवित्र मरियेचे स्तोत्र गात भिक्षा मागू, म्हणजे ताटातूट तरी होणार नाही, असे ते हसत म्हणाले.

बाहेरून असे हसणारा हा माणूस रात्री मात्र जागा असे. पत्नी शेजारी झोपलेली असायची, हेही झोपले आहेत असे तिला वाटायचे, आणि हे अंधारात डोळे उघडे ठेवून येणाऱ्या संकटांची एकेक करून मोजदाद करीत असायचे. घर जाईल, तुरुंग मिळेल, हालहाल करून मारतील, मुलाबाळांचे काय होईल? छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटे. हे सर्व त्यांनी पुढे मार्गारेटला सांगितले. बंधुभगिनींनो, अशी रात्र आपल्यापैकी कुणी काढली नसेल? संतांनीही ती काढलेली आहे.

नदीकाठचे फाटक

१५३३ साली राजाने ॲनशी लग्न केले. तिच्या राज्याभिषेकाला थॉमस गेले नाहीत. ही गैरहजेरी राजाने मनात ठेवली. मार्च १५३४ मध्ये नवा कायदा आला. ॲनची मुले गादीचे वारस आहेत अशी शपथ प्रत्येकाने घ्यायची होती. वारस ठरवणे हा पार्लमेंटचा अधिकार आहे, तेवढ्यापुरती शपथ घ्यायला थॉमस तयार होते. पण शपथेच्या मजकुरात पहिला विवाह खोटा ठरवणे व पोपचा अधिकार झुगारणेही गोवलेले होते. ते त्यांच्या विवेकबुद्धीला मान्य नव्हते.

१३ एप्रिल १५३४ रोजी त्यांना लॅम्बेथ येथे शपथेसाठी बोलावणे आले. त्या सकाळी त्यांनी चर्चमध्ये जाऊन पापनिवेदन केले, मिस्सा ऐकली, ख्रिस्तप्रसाद घेतला. एरवी ते बाहेर निघाले की बायकामुले नदीपर्यंत पोचवायला येत, ते सर्वांचे मुके घेत आणि मग होडीत बसत. त्या दिवशी त्यांनी कुणालाही फाटकाबाहेर येऊ दिले नाही. फाटक आपल्या हाताने ओढून घेतले आणि जावई विल्यम रोपर ह्यांच्यासह होडीत बसले. बराच वेळ ते खिन्न होऊन गप्प बसले होते. मग एकदम जावयाच्या कानाशी वाकून ते पुटपुटले की, देवाचे आभार, लढाई जिंकली. जावयाला अर्थ कळला नाही, नुसतीच मान हलवली. नंतर त्यांच्या लक्षात आले की, सासऱ्यांची खरी लढाई राजाशी नव्हतीच. घरच्यांवरील प्रेमामुळे पाय मागे ओढला जात होता. ती लढाई होडी किनाऱ्याला लागण्याआधीच संपली होती.

लॅम्बेथला लंडनचे धर्मगुरू एकामागून एक शपथ घेऊन मोकळे होत होते. देशातील जवळजवळ सर्व बिशपांनीही मान डोलावली. रॉचेस्टरचे बिशप जॉन फिशर अडून राहिले. थॉमस ह्यांनीही नकार दिला. शपथ घेणाऱ्यांना त्यांनी नावे ठेवली नाहीत. आपली विवेकबुद्धी आपल्याला परवानगी देत नाही, एवढेच ते म्हणाले. १७ एप्रिलला त्यांची रवानगी टॉवर ऑफ लंडन ह्या किल्ल्यातील तुरुंगात झाली.

लेकीचे अश्रू

तुरुंगात ते जवळजवळ पंधरा महिने होते. त्यांच्या व नोकराच्या जेवणाखाण्यासाठी आठवड्याला पंधरा शिलिंग घरच्यांनीच भरायचे होते. त्यासाठी ॲलिसबाईंना आपले कपडे विकावे लागले. एकदा भेटीला आल्या तेव्हा त्या चांगल्याच कडाडल्या. एवढे शहाणे म्हणवता, आणि घर, पुस्तके, बाग, बायकामुले सोडून ह्या उंदरांच्या कोठडीत कसले पडून राहता? बाकी सर्वांनी जे केले ते करा आणि घरी चला! थॉमस ह्यांनी शांतपणे विचारले की, स्वर्ग आपल्या घरापासून जितका जवळ आहे, तितकाच इथूनही नाही का?

मार्गारेटचे बोलणे अधिक जड गेले. ती रागावत नव्हती, रडत होती. तिने स्वतः देवाच्या नियमाला धरून असेल तेवढ्यापुरती, असे म्हणून शपथ घेतली होती. इतके विद्वान, इतके सज्जन शपथ घेतात, मग तुम्हीच का नाही, असे ती विचारी. थॉमस तिला म्हणाले की, आपला आत्मा कितीही भल्या माणसाच्या पाठीला बांधून देता येत नाही, कारण तो माणूस तो कुठे घेऊन जाईल ते सांगता येत नाही.

उद्या भीतीने तुमचा धीर सुटला तर, ह्या प्रश्नावर त्यांनी आपण पडणारच नाही असे छातीठोकपणे सांगितले नाही. त्यांनी संत पेत्राची आठवण काढली. वादळी वारा पाहून पेत्र बुडू लागला, तेव्हा त्याने प्रभूला हाक मारली. आपणही बुडू लागलो तर तेच करू, आणि प्रभू हात देईल, असे त्यांनी मुलीला समजावले.

गेथसेमनीच्या बागेत

तुरुंगात थॉमस ह्यांनी दोन मोठी लिखाणे केली. एकात तुर्की स्वारीच्या छायेत जगणाऱ्या हंगेरीतील काका-पुतण्याचा संवाद आहे. दुसरे लिखाण लॅटिनमध्ये आहे व ते गेथसेमनीच्या बागेतील प्रभू येशूच्या दुःखावर आहे. त्यांच्या हस्ताक्षरातील ही मूळ प्रत १९६३ साली स्पेनमधील वालेन्सिया येथे सापडली.

त्यात ते एक साधा प्रश्न घेतात. देवाचा पुत्र असूनही प्रभू येशू मरणाला का घाबरला? रक्ताच्या थेंबांसारखा घाम येईपर्यंत तो का तळमळला? त्यांचे उत्तर मनाला भिडणारे आहे. काही रक्तसाक्षी आनंदाने धावत मरणाकडे जातात. पण सर्वांना तसा पिंड मिळत नाही. जे थरथरत, रांगत जातात, त्यांना आपण टाकाऊ आहोत असे वाटू नये म्हणून प्रभूने स्वतः भीती अनुभवली. भित्र्या मेंढराने त्याच्या वस्त्राचा काठ धरून त्याच्यामागून चालावे. भीती वाटणे हे पाप नाही. भीतीपोटी कर्तव्य सोडून पळणे हे पाप आहे. म्हणून प्रभूप्रमाणे गुडघे टेकावे, पुन्हा पुन्हा तीच प्रार्थना करावी, आणि मग उठावे.

मरण ओढवून घेऊ नये, असेही त्यांचे ठाम मत होते. देवाला न दुखवता वाचता येत असेल तर वाचावे. म्हणूनच ते कायद्याचा आधार घेऊन अखेरपर्यंत मौन पाळून राहिले.

४ मे १५३५ रोजी कार्थुसियन मठाच्या तीन वरिष्ठांना व त्यांच्या सोबत्यांना फाशीसाठी नेण्यात आले. थॉमस व मार्गारेट खिडकीतून पाहत होते. लग्नाला निघालेल्या नवरदेवासारखे ते आनंदी दिसत आहेत, असे थॉमस मुलीला म्हणाले. १२ जूनला त्यांची पुस्तके व कागद काढून नेण्यात आले. त्यांचे लिखाण बागेतील प्रभूच्या अंगावर शत्रूंनी हात टाकले, त्या जागी थांबले आहे. पुढचा भाग त्यांना लिहिता आला नाही, तो त्यांनी जगून पूर्ण केला.

न्यायसभा आणि शेवट

२२ जूनला बिशप जॉन फिशर ह्यांचा शिरच्छेद झाला. १ जुलैला थॉमस ह्यांना वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उभे केले गेले. ज्या न्यायालयाच्या वाटेवर ते वडिलांपुढे गुडघे टेकत, तिथेच आता ते काठी टेकत, खंगलेल्या देहाने आरोपी म्हणून आले. न्याय करणाऱ्यांत ॲन राणीचे वडील, भाऊ व मामा बसले होते. मौनावरून कुणाला दोषी ठरवता येत नाही, असे थॉमस ह्यांनी कायद्याने दाखवून दिले. तेव्हा सरकारी वकील रिचर्ड रिच पुढे आला. पुस्तके नेण्याच्या दिवशी थॉमस आपल्याशी राजाच्या अधिकाराविरुद्ध बोलले, अशी साक्ष त्याने दिली. थॉमस ह्यांनी ती साफ खोटी ठरवली. त्या खोलीत असलेल्या इतर दोघांनी आपण पुस्तके भरण्यात गुंतलो होतो, काही ऐकले नाही, असे सांगितले. तरीही पंचांनी पाव तासात त्यांना दोषी ठरवले.

आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. देवाच्या नियमाविरुद्ध कायदा करण्याचा अधिकार कुठल्याही पार्लमेंटला नाही, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. मग त्यांनी न्यायाधीशांसाठी सदिच्छा व्यक्त केली. संत स्तेफनला मारताना पौल संमती देऊन उभा होता, आज ते दोघेही स्वर्गात मित्र आहेत. तसेच आपणही सर्वजण तिथे आनंदाने भेटू, अशी आशा त्यांनी बोलून दाखवली.

किल्ल्याकडे परतताना मार्गारेट गर्दीत वाट पाहत होती. शिपायांच्या भाल्या-तलवारींची पर्वा न करता ती आत घुसली आणि सर्वांदेखत बापाच्या गळ्यात पडली. थोडी दूर गेली, पुन्हा धावत आली व पुन्हा बिलगली. पाहणाऱ्यांचे डोळे पाणावले. ५ जुलैला थॉमस ह्यांनी कोळशाने तिला शेवटचे पत्र लिहिले. त्या दिवशीचे तिचे ते धावत येणे आपल्याला फार आवडले, असे त्यांनी आवर्जून कळवले. अंगातील केसाळ वस्त्रही तिच्याकडे पाठवून दिले.

६ जुलै १५३५ रोजी सकाळी त्यांना टॉवर हिलवर नेण्यात आले. वधस्तंभाचा जिना डगमगत होता. वर चढायला जरा हात द्या, खाली यायचे माझे मी पाहीन, असा विनोद त्यांनी अधिकाऱ्याशी केला. आपण कॅथलिक श्रद्धेत व त्या श्रद्धेसाठी मरत आहोत, राजाचे इमानी सेवक आहोत, पण त्याआधी देवाचे आहोत, असे त्यांनी थोडक्यात सांगितले. गुडघे टेकून प्रार्थना केली. मारेकऱ्याचा मुका घेऊन, घाबरू नकोस, असा धीर त्यालाच दिला. टिचकीला घाबरणारा माणूस कुऱ्हाड धरणाऱ्याला धीर देत होता!

त्यांचे शिर लंडन ब्रिजवर टांगण्यात आले. मार्गारेटने ते मिळवून जपून ठेवले. कँटरबरी येथील संत डन्स्टन चर्चमध्ये रोपर घराण्याच्या कबरीत ते आजही आहे, असे मानतात. १८८६ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी थॉमस ह्यांना धन्यवादित घोषित केले, १९ मे १९३५ रोजी पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांना व जॉन फिशर ह्यांना संतपद दिले, आणि २००० साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांना राजकारणी व राज्यकर्त्यांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले.

आपल्यासाठी

आपल्याला कुऱ्हाडीपुढे मान ठेवायची वेळ बहुधा येणार नाही. पण सही करायची वेळ रोज येते. ऑफिसात साहेब खोट्या बिलावर सही मागतात. जमिनीच्या कागदात भावाचे नाव गाळायचे असते. सोसायटीच्या सभेत एका गरिबावर अन्याय होत असतो आणि सर्वजण खाली पाहत असतात. नोकरी जाईल, लोक तोडतील, घरचे रागावतील, ह्या भीतीने पोटात गोळा येतो. सर्वच करतात, हे वाक्य कानाशी येते. मार्गारेटही तेच म्हणत होती.

अशा वेळी थॉमस ह्यांची वाट आठवावी. त्यांचे धैर्य एका दिवसात आलेले नव्हते. घरातली रोजची प्रार्थना, रविवारचे गाणे, पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद ह्यांतून ते वर्षानुवर्षे साठत गेले, आणि त्या एप्रिलच्या सकाळी उपयोगी पडले. आपल्या घरची संध्याकाळची रोझरी अशीच साठवण आहे. मुले कंटाळली तरी ती मोडू देऊ नका. आणि जो शेजारी आज घाबरून चुकला असेल, त्याला नावे ठेवू नका. थॉमस ह्यांनीही ठेवली नाहीत.

हे प्रभू येशू, गेथसेमनीच्या बागेत तूही भीतीने व्याकूळ झाला होतास. आम्ही घाबरतो तेव्हा तुझ्या वस्त्राचा काठ आमच्या हातात दे. खरे ते बोलण्याचे, खोट्याला नाही म्हणण्याचे आणि आमचे वाईट करणाऱ्यांचेही भले चिंतण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.

संत थॉमस मोर, आमच्यासाठी विनंती करा.